दसऱ्याच्या आधीचे चार महिने

बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, पण ते कसं जाणार हे दसऱ्याच्या सुमारास ठरतं. त्या दिवसांत मुकादमाच्या गाड्या गावात येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता अशी मोजदाद होते आणि घरंच्या घरं सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, नाही तर थेट कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. उचल आधीच घेतलेली असते, तिचे पैसे लग्नात किंवा दवाखान्यात केव्हाच खर्च झालेले असतात. त्यामुळे जायचं की नाही हा प्रश्न नसतोच. लेकराला न्यायचं की ठेवायचं, एवढाच प्रश्न उरतो. नेलं तर पाच-सहा महिने शाळा सुटते आणि फडाशेजारच्या कोपीत ते धाकट्या भावंडाला सांभाळत बसतं. ठेवलं तर ते आजीच्या आणि आमच्या भरवशावर राहतं.

जिल्हा परिषदेच्या एका दोनशिक्षकी शाळेत मी पहिली-दुसरीला शिकवते. तिसरी-चौथी सरांकडे आहे. पालकांशी नातं कसं जोडावं, यावर आजवरच्या प्रशिक्षणांत मी पुष्कळ ऐकलं. मला मात्र ते दर वर्षी एकाच ठिकाणी तपासून मिळतं : आई लेकरू मागं ठेवून जायला तयार होते की नाही. हा निर्णय ती ऑक्टोबरात माझं म्हणणं ऐकून घेत नाही. जूनपासून शाळेकडून तिच्या घरी काय गेलं आणि तिच्या घरून शाळेत काय पोचलं, त्यावर तो ठरलेला असतो. आमच्याकडे चूक परवडत नाही म्हणून हे इतकं उघड दिसतं. शहरातल्या आईबापांना मूल कुणाजवळ सोडून पाच महिने जायचं नसतं. पण त्यांनाही रोज सकाळी ते एका परक्या माणसाच्या हाती द्यावं लागतंच.

शाळेकडून घरी बहुतेक वेळा तक्रारच जाते. वही आणत नाही, मारामारी करतो, उशिरा येतो. शाळेचा निरोप आला की घरच्यांच्या कपाळाला आठी पडते, ती याच सवयीनं. म्हणून जूनमध्ये मी एक काम ठरवून करते. पहिल्या महिन्यात वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या घरी त्याच्याबद्दलची एक तरी चांगली गोष्ट पोचवते. ती खरी हवी आणि त्याच मुलाची हवी. ‘तुमचा मुलगा हुशार आहे’ यातून आईला काही कळत नाही. ‘आज खिचडी वाढताना त्यानं आधी लहान मुलींना बसवलं’ हे कळतं, कारण घरी तो तसाच वागतो हे तिनं पाहिलेलं असतं आणि शाळेतल्या बाईलाही ते दिसलं याचं तिला बरं वाटतं. निरोप द्यायला वेगळा वेळ लागत नाही. हापशावर, बसथांब्यावर, आठवडी बाजारात, जिथं आई भेटेल तिथं तो देता येतो.

एक आई मला आठवते. भेटली की म्हणायची, “मॅडम, मारा त्याला. तुम्ही मारल्याबिगर त्याला यायचं न्हाई.” आमच्या भागात असं म्हणणारे पुष्कळ आहेत आणि त्यात क्रूरपणा नसतो. त्यांना शाळेनं तसंच वागवलेलं असतं, आणि मास्तराला मारायची मुभा देणं हा त्यांच्या लेखी विश्वास टाकायचा सगळ्यात मोठा मार्ग असतो. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमानं शाळेत मुलाला मारायला आणि मानसिक त्रास द्यायलाही बंदी केली आहे. पण कायदा सांगून त्या आईचं समाधान झालं नसतं. मी तिला विचारलं, “ताई, घरी तो कशानं ऐकतो?” ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “काम सांगितलं की ऐकतो. शेरडं त्याच्याकडंच हायेत.” दुसऱ्या दिवसापासून वर्गातली पुस्तकपेटी त्याच्या ताब्यात दिली. कोणी कोणतं पुस्तक नेलं हे लक्षात ठेवायचं म्हणजे मुखपृष्ठावरचं नाव वाचायला हवं. तो ते वाचायला लागला. हे काम त्याला देण्याचं श्रेय आईचं, कारण माहिती तिची होती. मी तसं तिला सांगितलंही. त्यानंतर ती ‘मारा’ म्हणाली नाही. भेटली की घरचं काहीबाही सांगायला लागली, आणि मला हवं होतं ते तेच.

आईबापांकडून शिक्षकाला काय हवं असतं, असं कोणी विचारलं तर मी म्हणेन, लेकराची बातमी. रात्री झोपलं का, घरात कोणी आजारी आहे का, वडील परगावी गेले का, कुणाशी कट्टी झाली आहे का. आपल्याला शिक्षण नाही, आपण मॅडमला काय सांगणार, या संकोचानं आया गप्प राहतात. शिकलेले पालक वेगळ्या कारणानं गप्प राहतात. घरातलं बाहेर कशाला, असं त्यांना वाटतं. घरातली भांडणं मला नको असतात. पण पाळण्यातलं बाळ रात्रभर रडतं म्हणून ताईची झोप होत नाही, एवढं कळलं तर सकाळच्या परिपाठात पेंगणाऱ्या मुलीकडे मी वेगळ्या नजरेनं बघते.

जवळच्या तांड्यावरून येणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे फार जाणवतं. घरी गोरमाटी बोलणारं मूल पहिलीत येतं आणि आठवडे-आठवडे तोंड उघडत नाही. त्याला काही येत नाही, असा समज व्हायला हे पुरेसं असतं. एका मुलीच्या आईला मी दुपारी शाळेत बोलावलं आणि घरातले रोजचे शब्द तिच्याकडून लिहून घेतले. याडी, बाटी, असे करत पानभर झाले. मी चुकीचे उच्चार केले की मायलेकी दोघी हसायच्या. नंतर ती आई अधूनमधून स्वतःहून यायला लागली, वर्गात मागे बसायची. मुलगी बोलायला लागली ती आधी तिच्या भाषेत, मग दोन्हींत. तांड्यावरच्या बाकीच्या घरांत शाळेबद्दल काय सांगायचं ते त्या बाईनंच सांगितलं. माझं तिथलं जाणं-येणं त्यामुळे सोपं झालं.

कायद्यातही याची तरतूद आहे. २००९ च्या त्याच कायद्याचं चोविसावं कलम शिक्षकाची कामं सांगतं. त्यात पालकांना नियमित भेटणं आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, प्रगती त्यांना सांगणं हे एक आहे. म्हणजे शाळेत येऊन मुलाबद्दल विचारणाऱ्या पालकावर कोणी उपकार करत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असायला हवेत आणि निम्म्या स्त्रिया. कागदावर त्या असतात. सभेत बोलतात का, हे मात्र सभा कुठे आणि कधी घेतो त्यावर असतं. सकाळी अकराला कार्यालयात खुर्च्या मांडून सभा घेतली की खुर्चीत पुरुष बसतात आणि बाया दाराशी उभ्या राहतात. संध्याकाळी झाडाखाली सतरंजी टाकली की बाया बसतात आणि बोलतातही. खिचडीतल्या डाळीपासून मुलींच्या स्वच्छतागृहाच्या कडीपर्यंतचे सगळे विषय आमच्याकडे सतरंजीवर निघाले आहेत.

सगळ्याच भेटी गोड नसतात. एका वर्षी एक बाप भर वर्गात शिरला. ट्रॅक्टर चालवणारा, अंगानं दांडगा, आवाज चढलेला. माझ्या पोराला मागं का बसवता, आम्ही गरीब म्हणून का, असं विचारत होता. मुलं घाबरून एकमेकांना चिकटली. मी त्यांना सरांच्या वर्गात पाठवलं आणि त्याला पाणी दिलं. जागा दर सोमवारी बदलतात, हे सांगितलं, पण त्याला ते पटलेलं दिसलं नाही. तेव्हा म्हटलं, “दादा, आज तासभर वर्गात बसा. कसं चालतं ते बघा आणि मग बोलू.” तो खरोखर बसला, भिंतीला टेकून, पटकुरावर, मुलांमध्ये. सुटीत त्यानं मला विचारलं, “मॅडम, ते फळ्याकडं बघून लिहीतच न्हाई का हो?” तो शेजारच्याच्या वहीत बघून उतरवतो, एवढं मी टिपलेलं होतं. बाप म्हणाला, घरी मोबाइल नाकाला लावून बघतो, आम्ही लाडानं असं करतो समजत होतो. दोन्ही गोष्टी जोडल्या तेव्हा डोळ्यांचा प्रश्न असणार हे आम्हा दोघांना एकदमच उमगलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत तपासणीला येतं. त्याची वाट न बघता बापच त्याला दवाखान्यात घेऊन गेला. चष्मा लागला. त्या दिवशी तो रागानं आला याचं मला आज काही वाटत नाही. न येणाऱ्या बापापेक्षा भांडायला येणाऱ्या बापाशी बोलता तरी येतं. मात्र त्याला बसायला जागा आणि वेळ द्यायची तयारी शाळेची हवी.

वेळेचं थोडं सांगायला हवं. दोन शिक्षक, चार वर्ग. सरांना केंद्रावर शिक्षण परिषदेला जावं लागलं की चारही वर्ग माझ्याकडे. त्यात निवडणुकीची आणि मतदारयादीची कामं, ऑनलाइन भरायच्या माहित्या. सकाळी राष्ट्रगीत आणि परिपाठ सुरू असताना दारात उभं राहून कोणी काही महत्त्वाचं सांगायला लागलं तर माझं अर्धं लक्ष मुलांकडे असतं आणि समोरच्याला वाटतं, मॅडम टाळतात. म्हणून मी आयांना सांगून ठेवलं आहे : खिचडी वाढून झाली की किंवा शाळा सुटल्यावर या, तेव्हा मी तुमचीच. शहरातल्या पालकांनीही शाळेला पहिल्याच आठवड्यात विचारून घ्यावं की तुम्हाला कधी भेटलेलं सोयीचं. या एका प्रश्नानं निम्मे गैरसमज टळतात.

माझी मुलगी तालुक्याच्या गावी पहिलीत गेली तेव्हा मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसले. मोठा वर्ग, पालकभेटीच्या दिवशी लांब रांग, प्रत्येकाला जेमतेम पाच मिनिटं. माझ्या पुढचे बहुतेक पालक बाईंना एकच विचारत होते : अभ्यासात कशी आहे, कितवी आहे. बाई बिचाऱ्या ‘चांगली आहे, थोडं लक्ष द्या’ म्हणत होत्या. त्या प्रश्नाला दुसरं उत्तर देता येत नाही, हे मला माझ्या टेबलामुळे माहीत होतं. म्हणून मी जाताना अर्धं पान लिहून नेलं होतं. मुलगी उत्तर द्यायला वेळ घेते, घाई केली की गप्प होते. फटाक्यांना आणि अचानक आलेल्या मोठ्या आवाजाला भिते. आजी नुकतीच गेली आहे, तिचं नाव निघालं तर रडू येतं. खाली विचारलं होतं : ती डबा कुणाबरोबर खाते? बाईंनी ते पान नीट वाचलं, घडी घालून हजेरीपटात ठेवलं आणि म्हणाल्या, कुणाबरोबर खाते ते मी उद्या बघून सांगते. दोन दिवसांनी त्यांचा निरोप आला. पुढे वर्षभर आमचं बोलणं थोडंच झालं, पण ते मुलीबद्दल झालं.

यातून मला पालकांना आग्रहानं सांगावंसं वाटतं की मुलाबद्दल बारीक प्रश्न विचारा. गणित कसं आहे हे विचारण्याऐवजी वजाबाकीत हातचा घेताना अडतं का, ते विचारा. प्रगतिपुस्तकातल्या वर्णनात्मक नोंदी वाचा आणि त्यातली एखादी घेऊन तिचा अर्थ विचारा. ‘स्वतःचे अनुभव सांगतो’ अशी नोंद असेल तर त्यानं कोणता अनुभव सांगितला, हे विचारायला काय हरकत आहे? असा प्रश्न आला की शिक्षकाला ते मूल डोळ्यांसमोर आणावं लागतं. आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणत्याही मुलाबद्दलची आणि शिक्षकाबद्दलची तक्रार टाकू नका. चार लोकांसमोर बोललेला शब्द दोन्ही बाजूंना मागे घेता येत नाही, आणि त्याचा त्रास शेवटी वर्गात बसलेल्या मुलाला होतो. तक्रार असेल तर आधी शिक्षकाला समोरासमोर भेटा, तिथं काही झालं नाही तर मुख्याध्यापकांकडे जा. मुलासमोर घरात शिक्षकाला नावं ठेवू नका. मूल दुसऱ्या दिवशी त्याच शिक्षकासमोर बसणार असतं.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हे सगळं उलटं झालं. टोळ्या कारखान्यांवर अडकल्या होत्या, एप्रिलमध्ये परतायला लागल्या. पुढे ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ असा उपक्रम राज्यभर निघाला. मोबाइलवर अभ्यास पाठवायचा म्हटलं तरी आमच्याकडे किती घरांत तसा फोन होता? असला तर तो बापाच्या खिशात. मग आम्ही दोघे मास्क लावून वस्त्यांवर जायला लागलो. मंदिराचा ओटा, लिंबाखालचा पार, कुणाचं अंगण. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा बालवाडी मुलांच्या अंगणात नेली, आणि पुढे कोसबाडला अनुताई वाघांच्या साथीनं गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवली, हे डी.एड.ला वाचलं होतं. ओट्यावर बसल्यावर त्यामागचं शहाणपण कळलं. आया चुलीपाशी बसून आमचा तास ऐकत होत्या. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून दशक शिकवतात, हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. तोवर त्यांच्या लेखी शाळा म्हणजे पाटीवर गिरवणं. एका आजीनं माझे गठ्ठे बघून पेंढ्यांचा हिशोब कसा करतात ते नातवाला दाखवलं, आणि तो हिशोब माझ्यापेक्षा तिनं सोपा करून सांगितला.

त्या ओळखीचा उपयोग पुढे झाला. २०२२ पासून एप्रिलमध्ये शाळापूर्व तयारीचे मेळावे व्हायला लागले, मातांचे गट झाले. टोळ्या तेव्हा नुकत्याच परतलेल्या असतात. ओट्यावरच्या शाळेला बसलेल्या आया या गटांत आपोआप पुढे आल्या. शाळेत यायला आता त्यांना कारण लागत नाही.

आणि हंगामात? मागे राहिलेल्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृह चालतं, शाळेत दुपारची खिचडी असते, रात्री आजीजवळ झोपायचं. मुलाला ज्याची उणीव भासते ते यातल्या कशानंच भरत नाही. म्हणून आईबाप निघायच्या आधी मी प्रत्येकीबरोबर फोनचं ठरवून घेते. तोड कुठं आहे, रेंज असते का, कोपीवर किती वाजता परतता, फोन चार्ज कुठं करता. संध्याकाळी ठरलेल्या वेळी फोन लागला की मूल बालभारतीचं एक पान आईला वाचून दाखवतं. पलीकडे टोळीतल्या चार-पाच बाया ऐकत असतात. पहिल्या वेळी मुलं वाचता वाचता रडतात. आयाही रडतात. पुढच्या वेळी वाचन पूर्ण होतं. एकदा एक आई मध्येच म्हणाली, “थांब, ती ओळ परत वाच, घाईत खाल्लीस.” तिला स्वतःला वाचता येत नव्हतं. ऐकून ऐकून तिनं ते ओळखलं होतं.

सगळ्याच ठेवून जात नाहीत. गेल्या काही वर्षांतल्या माझ्या सगळ्यात चांगल्या वाचणाऱ्या मुलीला तिची आई घेऊन गेली, कारण धाकटा सहा महिन्यांचा होता आणि आजी अंथरुणाला खिळलेली. मी त्या आईला एका शब्दानं बोलले नाही. आई पहाटे फडात उतरल्यावर त्या बाळाजवळ कोण बसणार होतं, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मुलीच्या हातात शिक्षण हमी कार्ड दिलं, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत तिला बसता यावं, आणि पुस्तकपेटीतली काही पुस्तकं दिली. फोनचा नेम तिच्याशीही ठेवला. मार्चमध्ये परतली त्या दिवशी आईनं तिला घरी न नेता आधी शाळेत आणून सोडलं. अंगावर प्रवासाची धूळ तशीच होती. पुस्तकं सगळी परत आली, एकाचं कव्हर गेलेलं.

यंदा माझी बदली होईल असं दिसतं. नवीन शिक्षक येतील ते जूनमध्ये कोरे येतील आणि त्यांच्याही हातात दसऱ्यापर्यंतचेच महिने असतील. म्हणून मी एक वही तयार करते आहे : प्रत्येक मुलाच्या घरी हंगामात कोण असतं, फोन कुणाचा लावायचा, कोणती आजी शाळेत येते आणि कोणत्या आजीकडे आपण जायचं. पण ही माहिती आयांनी मला विश्वासानं दिलेली आहे, म्हणून त्यांना विचारूनच लिहायचं ठरवलं. बहुतेकजणी म्हणाल्या, लिहा की. पुस्तकपेटीवाल्या मुलाची आईही आली. त्याच्या धाकट्या भावाचं पान मी तिला वाचून दाखवलं. अंधाराला भितो, रात्री उठून रडतो, असं त्यात होतं. ती म्हणाली, “मॅडम, तेवढं खोडा. ते कागदावर नको. नवे सर आले की म्या स्वतःच जाऊन सांगीन त्यांना.”